पेढे खाल्लेलं पॅनेल

"ईशानी शॉर्टलिस्ट झाली!" कस्तुरी एवढ्या जोरात ओरडली, की शेजाऱ्यांचं मांजर कुंपणावरून थेट खाली उतरलं.

बातमी होतीच तशी. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या लेकीच्या शाळेत, सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसाठी, युनिव्हर्सिटीचा एथिक्सचा कोर्स सुरू होणार होता. पास झालं की क्रेडिट्स थेट डिग्रीत जमा. जागा बारा, अर्ज चाळीस. ईशानी उन्हाळाभर त्यासाठी वाचत बसली होती. आता फक्त शुक्रवारची मुलाखत उरली होती.

"आई, अजून सिलेक्शन नाही झाला," ईशानीने बजावलं. "तू कोणाला काही सांगू नको."

"सांगतेय कशाला!"

कस्तुरीने खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त मिल्क पावडरचे पन्नास पेढे वळले आणि गुरुवारी सकाळी ईशानीच्या सरांसाठी डबा शाळेच्या रिसेप्शनवर ठेवून आली. वर चिठ्ठी: 'मिस्टर व्हिटलॉक यांना, ईशानीच्या आईकडून. उद्यासाठी आशीर्वाद असू द्या.'

दुपारी फोन आला.

"आई, तू काय केला? मिस्टर व्हिटलॉक इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर होते! आधी गिफ्ट घेतला म्हणून आता ते नाही बसू शकत. रूल आहे!"

"अगं, मग दुसरं कोणी बसेल."

"मिस मॉर्गनने दोन खाल्ले. हेडने चार!"

"चार? म्हणजे आवडले गं!"

"आई! डबा स्टाफरूममध्ये उघडा होता. पूर्ण शाळेत एकपण टीचर उरला नाही. आता युनिव्हर्सिटीतून माणूस येणार. फार स्ट्रिक्ट आहे म्हणे."

कस्तुरीने कपाळावर हात मारला. पोरीचा सगळा उन्हाळा आपण साखरेत घोळवला! शुक्रवारी ती शाळेबाहेर गाडीत नखं खात बसली.

ईशानी धावतच आली. "मिळाला! त्याने विचारलं, खऱ्या लाइफमधला एक एथिकल प्रॉब्लेम सांग. मी तुझा सगळा सांगून टाकला. तो इतका हसला, की मला वाटलं खुर्चीतून पडेल!"

महिन्याभराने कोर्सचा पहिला निबंध आला. विषय: 'डबा पाठवणाऱ्या आईचं चुकलं का?'

"तू काय लिहिलंस?" कस्तुरीने दबकत विचारलं.

"तुझ्या अगेन्स्ट."

"आणि मार्क?"

"सेव्हन्टी-एट. क्लासमध्ये हायेस्ट!"

कस्तुरीने तिला घट्ट मिठी मारली. मग जरा थांबून म्हणाली, "दोनसाठी ऐंशी हुकले गं. नीट आठव, माझी एखादी चूक लिहायची राहिली का?"