निघंल ते सोनं तुझं

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून रूपालीनं सोन्याच्या बांगड्या मागितल्या, अन् गोकुळनं तिला सोन्याची खाण दाखवायचं ठरवलं. (सराफ्यात भाव विचारून आलेल्या नवऱ्याला असं काहीतरी सुचतंच.)

"कोलारला इंग्रजाच्या काळात सोन्यासाठी दुनिया लोटली होती," उस्मानपुऱ्यातल्या घरात मोबाईलवर नकाशा दाखवत तो म्हणाला. "आपण आपल्या गाडीनं जाऊ. तिथं जे सोनं निघंल ते तुझं!"

"आईची शपथ?"

"आईची शपथ!"

दोन दिवस गाडी हाणून पोचले, तर खाण केव्हाच बंद पडलेली. फाटकाला कुलूप, अन् कुंपणाबाहेर सोनं काढून उरलेल्या राखाडी मातीचे नुसते डोंगर. रूपालीनं हातातल्या काचेच्या बांगड्या तेवढ्या मागंपुढं केल्या. गोकुळच्या जिवाला लई लागलं ते. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा रिकामा करून तो डोंगराकडं पळाला अन् दोन्ही हातांनी माती भरू लागला.

"अरे मियाँ, हाथ नक्को लगाव! जहर है उसमें!" राखणदार लांबून ओरडला.

परमुलखात आपल्या गल्लीतली दखनी हिंदी बोली ऐकून गोकुळ इतका खूश झाला, की अर्थ कळेपर्यंत डबा भरला होता. मग बादलीभर पाण्यानं हात धुवावे लागले.

परतीला सोलापूर आलं, अन् स्टिअरिंगवरचं आपलं बोट त्याला दिसलं. उघडं! सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी गायब. अन् सासरे म्हणजे नानासाहेब. दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला गेलं, की आधी जावयाचं बोट बघणार, मग तोंड. गोकुळनं गुपचूप बोटाला रुमाल गुंडाळला.

"काय झालं हो?"

"दारात चेमटलं."

घरी आल्यावर रूपालीनं गोकुळला सोबत घेऊन डबा थेट सराफ्यात नेला, सोमनाथ झारेकऱ्याकडं. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढायचा त्याचा पिढीजात धंदा. जहराचं ऐकून त्यानं आधी हातमोजे चढवले, मग परातीत माती धुतली. दोनदा धुतली. अन् एकदम ओरडला, "वहिनी, निघालं की हो सोनं!"

परातीत अंगठी चमकत होती.

"माझी अंगठी!" गोकुळनं रुमालासकट झडप घातली.

तोवर रूपालीनं ती उचलली होती. नळाखाली चांगली धुतली, पदराला पुसली अन् आपल्या बोटात घातली. "निघंल ते सोनं माझं. आईची शपथ घेतलीय तुम्ही."

"अगं, पण दसऱ्याला नानासाहेब बोट बघतील!"

"बघू द्या की. रुमाल सोडू नका फक्त. मी सांगते त्यांना, दारात चेमटलंय म्हणून."