तिसरा समुद्र

समुद्र इस्त्री केलेल्या चादरीसारखा पडला होता, आणि थोरल्या बाईंच्या गच्चीवरचा लाल टॉवेल मान टाकून नुसता लोंबत होता. फडकायला वाराच नव्हता. समोरून पलीकडच्या बंदराच्या होड्या मासळीनं काठोकाठ भरून चालल्या होत्या आणि जाता जाता मुद्दाम भोंगे वाजवत होत्या. इकडच्या अठरा होड्या सकाळपासून धक्क्याला बांधलेल्या. एकही सुटली नव्हती.

"थोरल्या बाई, वादळ कुठवर आलं?" खालून एका म्हाताऱ्या होडीवाल्यानं विचारलं. सगळे त्याला खोकल्या म्हणत. "वाट चुकलं का काय?"

"तुझ्या घरी जेवायला बसलंय. जा, वाढ त्याला."

खोकल्या हसला, धक्का हसला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत त्यांच्या टॉवेलला कोणी हसलं नव्हतं. लाल असला की होडी सोडायची नाही, पांढरा असला की सोडायची, एवढंच अठरा होड्यांना माहीत. बाई पहाटे रेडिओवर सागरी हवामान ऐकत; एकेका समुद्राचा अंदाज ठरल्या क्रमानं येई. पहिल्या समुद्राचं चालू असताना पाणी भरायचं, दुसऱ्याला स्टोव्ह पेटवायचा, आणि तिसरा लागला की हातातलं टाकून रेडिओला कान लावायचा. तिसरा आपला. रेडिओवरची बाई त्याला 'मध्य किनारा' म्हणे की आणखी काही, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपल्याच समुद्राचं नाव परक्या बाईकडून काय ऐकायचं? वारा किती, लाटा किती, तेवढं ऐकायचं आणि टॉवेल लावायचा.

आज तिसऱ्याला चार मीटरच्या लाटा सांगितल्या होत्या. कानांनी ऐकलं होतं त्यांनी.

समोरच्या गच्चीवर विहीणबाई चष्मा पुसत उभ्या होत्या. त्यांचाच मुलगा हवामान कचेरीत समुद्राचे अंदाज लिहायचा, आणि हे त्या भाजी घेतानासुद्धा सांगायच्या. "दगदग होते हो तुमची या वयात," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "उद्यापासून टॉवेल मी लावत जाईन हवं तर. मला वाचता येतं."

"तुमच्या चिरंजीवांना आधी लिहिता येतंय का ते बघून येते," बाई म्हणाल्या. टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि पायात चपला सरकवून निघाल्यासुद्धा.

हवामान कचेरीत जावई मोठ्या पडद्यासमोर बसले होते. सासू दिसताच उभे राहिले, खुर्ची मागे कलंडली.

"आई, तुम्ही इथं?"

"का, चिठ्ठी आणायची होती? हे काय सांडलंय पडद्यावर?"

"लाटा आहेत. लाल म्हणजे मोठ्या, निळं म्हणजे शांत."

"आणि आपण कुठं?"

जावयांनी निळ्यावर बोट ठेवलं.

"मग पहाटे वादळ का सांगितलंत?"

"तुमच्याकडे नाही सांगितलं, आई."

"म्हणजे मी खोटं बोलते."

आजूबाजूची टकटक थांबली. जावयांनी घाम पुसला आणि पहाटेचं ध्वनिमुद्रण लावलं. बाई बोटांवर मोजत बसल्या. पहिला. दुसरा. तिसरा, चार मीटर. "ऐका. ऐका कान देऊन," त्या म्हणाल्या.

"आई, तो बेटांपलीकडचा दक्षिण समुद्र. तिकडचं पाणी फार तापतं, त्यावर वारा उठतो. आधी बेटांपलीकडचं सगळं एकत्र सांगायचो, आजपासून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले. म्हणून आपला चौथा झाला. पंधरा दिवस सांगतोय आम्ही, अगदी सुरुवातीलाच."

सुरुवातीला बाई पाणी भरत. नळ मोठा सोडून.

चूक कोणाची ते त्यांना कळलं, आणि कळल्यामुळं राग दुप्पट झाला. "तीस वर्षं आमचा समुद्र तिसरा होता. त्याला चौथा करणारे तुम्ही कोण? दारातल्यांना मागं ढकलायचं आणि कुठल्या बेटांना पुढं बसवायचं?"

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "तक्रार असेल तर लेखी द्या," ते म्हणाले.

"देते. लिहून घ्या. सही येते मला."

साहेबांनी लिहून घेतलं, बाईंनी कागद फाटेल इतक्या जोरानं सही केली. "बघतो," साहेब म्हणाले. कचेऱ्यांमधल्या 'बघतो'चं पुढं काय होतं ते बाईंना ठाऊक होतं. दरवाजाबाहेर येईपर्यंत त्या कागद विसरल्याही.

धक्क्यावर सगळे वाट बघतच होते.

"काय म्हणाले जावई?" खोकल्या म्हणाला. "कसला अंदाज लिहितो तो पोरगा. झोपेत लिहितो बहुतेक."

गप्प राहिलं असतं तर त्याच क्षणी सगळं जावयांवर गेलं असतं. बाईंचा टॉवेल वाचला असता. पण आपल्या जावयाला आपण बोलणं वेगळं आणि खोकल्यानं बोलणं वेगळं.

"तोंड सांभाळ," बाई कडाडल्या. "माझ्या लेकीचा नवरा आहे तो. बरोबर लिहिलं होतं त्यानं. मोजायला मी चुकले. झालं समाधान?"

वरून विहीणबाई म्हणाल्या, "मला तर पहाटेच ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

होडीवाल्यांनी आपसांत कुजबुज केली. शेवटी खोकल्याच जमिनीकडं बघत म्हणाला, "आणखी एकदा चूक झाली, बाई, तर टॉवेल समोरच्या गच्चीवर. सगळ्यांचं मत आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंनी नळ सोडला, पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला, तिसऱ्या समुद्राला रागारागानं भांडी घासली आणि चौथा लागताच रेडिओपाशी बसल्या. जोराचा वारा. लाटा चार मीटर. होड्यांनी जाऊ नये.

बाईंनी लाल टॉवेल दोन चिमटे जास्त लावून टांगला. खाली अठरा होड्यांनी सुटत आलेले दोर परत बांधले. समुद्र मात्र कालच्यासारखाच, सुरकुतीही नाही. आणि समोरच्या गच्चीवर विहीणबाई हातात घडी घातलेला पांढरा टॉवेल घेऊन उभ्या. नुसत्या उभ्या.

इतक्यात बाईंचा थोरला मुलगा फोन घेऊन वर आला. "आई, भावोजी आहेत. म्हणतात, तुमची तक्रार साहेबांनी काल संध्याकाळीच मंजूर केली. आजपासून आपला समुद्र पुन्हा तिसरा. चौथा दक्षिणेचा. आज सुरुवातीलाच तसं सांगितलं म्हणे, तुमचं नाव घेऊन."

बाईंनी नळाकडं पाहिलं. टॉवेलकडं पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा शिवी द्यायला समोर कोणीच उरलं नव्हतं.

"आपल्याकडं काय आहे विचार."

"शांत. पांढरा."

बाईंनी लाल टॉवेल खसकन ओढला. चिमटे खाली खोकल्याच्या टोपीवर पडले. पांढरा टॉवेल वर गेला.

"अहो थोरल्या बाई," खोकल्या टोपी चाचपत ओरडला, "आत्ता तर लाल होता."

"ते धुणं होतं," बाई म्हणाल्या.

"मग कालचं?"

"कालचंही धुणंच. सोड होडी."