लग्नाचा पुरावा

काष्टीच्या राहीबाईंनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घटस्फोट मागितला आणि त्याला निमित्त चहापत्तीचं झालं.

यजमान अजिनाथराव नागापूरच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. कारखान्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी काही कारखाना सोडला नाही. फ्रीजवर हजेरीपट लागला. शेजारी जायचं तर गेटपास. मागच्या महिन्यात राहीबाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, की चहापत्तीचा खप मंजूर प्रमाणाबाहेर का गेला? राहीबाईंनी त्याच कागदावर भजी काढली आणि दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला वकीलबाई गाठल्या.

"मारतात का?" वकील अश्विनीताईंनी विचारलं.

"न्हाई."

"पितात? बाहेर काही भानगड?"

"न्हाई वो. घरीच असत्यात. त्योच तरास हाय."

नवरा घरी असणं कुठल्याच कलमात बसेना. शेवटी मानसिक छळात बसवलं, तर लग्नाचा पुरावा निघेना. पत्रिका उंदरांनी खाल्ली होती, भटजी वारले होते, फोटोत नवरीचा नुसता पदर होता. "आधी रीतसर नोंदणी करा," वकीलबाई म्हणाल्या, "मग मोडू." अजिनाथराव लगेच तयार झाले. घटस्फोटापेक्षा अपुऱ्या कागदपत्रांची त्यांना जास्त लाज वाटली.

भावकीने नोंदणी एवढंच ऐकलं आणि फेटे बांधून टेम्पोभर माणसं कार्यालयात आली. लेक मोनिकाने आईला नवी साडी नेसवली.

कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वधू, हा विवाह आपल्या राजीखुशीने आहे ना?"

चाळीस वर्षांपूर्वी हे बापाला विचारलं होतं, मामाला विचारलं होतं. राहीबाईंना आज पहिल्यांदाच विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

कारकुनाने नियम पाहिला. संमती नाही, सबब विवाह नाही. विवाह नाही, सबब घटस्फोटाची आवश्यकता नाही. वधू अविवाहित असल्याचा शेरा मारून त्याने अर्ज निकाली काढला.

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?" अजिनाथरावांनी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई."

परतीच्या टेम्पोत सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि फेटेवाले उगाच हवापाण्याचं बोलत होते.

आपण हसलात, ठीक आहे. आपल्याकडे लग्नाचा दाखला असेलच. फक्त तो राजीखुशीचा प्रश्न घरी विचारू नका, आणि चहा समोर आला असेल तर निमूट पिऊन घ्या.