संडासाचं दार

आईची व्हीलचेअर संडासाच्या दाराशी येऊन अडली. दोन बोटं कमी पडत होती. मुलगा म्हणाला, "दारच काढू. बिजागऱ्यांचे स्क्रू तर काढायचेत, हातासरशी होईल." असं बोलणाऱ्याच्या हाती हत्यार देऊ नये, पण दिलं.

"आई, थोडी कळ काढा," सून म्हणाली.

"काढतेय. लवकर करा." आईचं डावं अंग गेलं होतं, लाज शाबूत होती.

स्क्रूंवर वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट बसलेला. सुरीनं खरवडून खाच मोकळी केली, तर पहिल्याच जोराला स्क्रू-ड्रायव्हर सटकून मुलाच्या अंगठ्यात घुसला. खाच गुळगुळीत, स्क्रू ढिम्म.

"कोणी बसवलेत हे?"

"मी," बाबा ताठ होत म्हणाले. "पिळून पिळून हात भरून आले, मग हातोडीनं ठोकले."

"स्क्रू ठोकतात का कुणी, बाबा?"

"मग? इतक्या वर्षांत निघालाय का एक तरी?"

खाचेवर रबरबँड धरून पाहिलं. तेल सोडलं, तर ड्रायव्हर जास्तच घसरायला लागला. "झालं का रे?" आईचा आवाज बारीक झाला होता. तेव्हा मुलाचं डोकं फिरलं. पक्कड झाली, छिन्नी झाली, शेवटी पहार आली. जुनं लाकूड आतून भुसभुशीत. चौकटीची अख्खी बाजू कडाकडा उखडली आणि दार गिलाव्यासकट खाली आलं. स्क्रू मात्र त्या उखडलेल्या लाकडात जागच्या जागी होते.

कुणालाच हसू आलं नाही. खुर्ची आत गेली. सुनेनं सासूला धरून बसवलं आणि ती बाहेर आली.

"आता दार लावा," आई आतून म्हणाली.

सुनेनं पलंगावरची चादर ओढून आणली.

"आई, मी चादर धरते ना."

"चादर नको. दार लावा. असं उघड्यावर नाही व्हायचं मला." आणि ती रडायला लागली. हॉस्पिटलात एवढे दिवस पडद्याआड काढले, तेव्हा रडली नव्हती.

बाबा उठले. मुलाला बाजूला सारून त्यांनी ते दार कसंबसं उभं केलं, चौकटीत टेकवलं आणि त्याला पाठ लावून, पाय रोवून उभे राहिले.

"बाबा, सरका, मी धरतो."

"तू काढलंस तेवढं पुरे झालं."

आतून आवाज आला, "अहो, नीट लागलंय ना?"

"पक्कं लागलंय," बाबा धापा टाकत म्हणाले. "तू सावकाश होऊ दे."