केरोबा अस्वल आणि मागच्या चाकांची सुधारणा

एका जंगलात रस्ता नव्हता, पण जीप होती.

आता तुम्ही विचाराल, रस्ता नसताना जीप कशाला? बाळांनो, असे प्रश्न विचारू नयेत. का विचारू नयेत, तेच तर मी सांगायला बसलो आहे.

ही जीप फार वर्षांपूर्वी एक शिकारी घाईघाईत सोडून गेला होता. तो एवढ्या घाईत का गेला, हे त्या जंगलाच्या वाघमहाराजांना ठाऊक होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही. जीप चालवायचं केरोबा नावाचं अस्वल. अठरा पावसाळे तो तिच्यावर होता. सकाळी टेकडीवरच्या आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि अवघडलेल्या बायकांना गाडीत घ्यायचं, उतार उतरायचा, ओढा ओलांडायचा आणि पलीकडे कासववैद्यांच्या दारात सोडायचं, हे त्याचं काम. वैद्य स्वतः टेकडीवर येत नसत. एकदा निघाले होते, ते वाटेत असतानाच रोगी बरा झाला होता.

केरोबाचा त्या जीपवर जीव होता. समोरची काच, तिच्यातून दिसणारा उतार, खालचा ओढा आणि मागे बसलेल्यांचं कण्हणं, यातच त्याचा दिवस जाई. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावंसंही वाटत नव्हतं. त्याची बायको भागीरथी म्हणे की जीपला चार पाय असते तर यांनी तिच्याशीच लग्न केलं असतं. केरोबा त्यावर काही बोलत नसे. खोटं कशाला बोला?

गाडीत एकच खोट होती. पुढच्या चाकांना पूर्वीच कधीतरी डिस्क ब्रेक बसले होते, पण मागे जुने ड्रमच होते. ड्रम म्हणजे चाकाच्या आत बसवलेला लोखंडी डबा. ब्रेक दाबला की आतले दोन लायनर फाकतात आणि डब्याला आतून धरतात. ओढ्यात शिरलं की डब्यात पाणी जाई. मग लायनर धरत नसत, धरल्यासारखं करत. म्हणून ओढा ओलांडला की केरोबा शंभर पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवी. तेवढ्यात ब्रेक गरम होऊन वाळत.

एके दिवशी गाडीत एक सशीण होती आणि तिचे दिवस भरले होते. ती इतकी ओरडत होती की वैद्यांकडे जाताना, ओढा ओलांडल्यावर, केरोबाने शंभर पावलांची ती रीत मोडली. ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, पण हवी तिथून बारा हात पुढे थांबली. ते बारा हात नेमके पिसाजीराव मोराच्या नाचायच्या अंगणात होते.

कोणाला खरचटलं नाही. सशिणीला सात पिल्लं झाली. पण अंगणात चाकांच्या दोन रेघा उमटल्या, आणि पिसाजीराव हे जंगल सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. दुसऱ्याच दिवशी सभा बसली.

या जंगलात सभेची एक जुनी रीत होती. जो अडचण दाखवेल, त्याच्याच गळ्यात ते काम पडायचं. एका हरणाने कधीकाळी विचारलं होतं की ओढ्यावर पूल का नाही. ते हरीण अजून लाकडं गोळा करत होतं. या रीतीमुळे सभा फार शांततेत पार पडत आणि सगळे ठराव एकमताने होत. बाहेरच्या जंगलांतून लोक ही लोकशाही बघायला येत.

केरोबा साधा गडी. तो उठून म्हणाला, मागचे लायनर झिजलेत, रबरी सील गेलेत, तेवढे नवे मिळाले तर ड्रम अजून दहा पावसाळे काढतील.

पिसाजीरावांनी मान वेळावली. "केरोबा, आपण कुठल्या काळात जगतो आहोत? शेजारच्या जंगलात मागेसुद्धा डिस्क आहेत. परवा त्यांचा कोल्हा मला तोंडावर म्हणाला, तुमच्याकडे अजून डबेच का? मला मान खाली घालावी लागली. माझी मान किती लांब आहे हे तुम्ही बघताच आहात."

ठराव एकमताने झाला. मागचे ड्रम काढून डिस्क बसवायचे. अडचण केरोबाने मांडली होती, म्हणून सामान आणायचं काम केरोबाकडे आलं.

सामानाची माहिती झिपरू खवल्या मांजराला होती. झिपरू म्हणजे जंगलातला एकमेव मिस्त्री. अंगावर खवले असल्यामुळे गाडीखाली सरपटताना त्याला काही टोचत नसे, एवढ्या बळावर तो मिस्त्री झाला होता. पण पुढे कामही शिकला. त्याने समितीला समजावून सांगितलं की डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर. कॅलिपर दोन तऱ्हेचे मिळतात. एकाला हँडब्रेकची तार जोडता येते, दुसऱ्याला येत नाही.

"रंग कोणते?" पिसाजीरावांनी विचारलं.

तार जोडता येते तो काळा आणि येत नाही तो लाल, असं झिपरू म्हणाला.

समितीने लाल पसंत केला. काळा कॅलिपर चाकाआड दिसला नसता, आणि जी सुधारणा दिसत नाही ती झाली हे लोकांना कळणार कसं?

केरोबा पुन्हा उठला. भागीरथीने खालून त्याचे केस ओढले, तरी उठला. तो म्हणाला की आत्ताचा हँडब्रेक मागच्या ड्रमवरच चालतो. ड्रम गेले की हँडब्रेक गेला. गाडी उभी करायची ती टेकडीवर, आणि टेकडीला उतार असतो. गिअरमध्ये ठेवावी, तर वय झाल्यामुळे तिचा गिअर आपोआप सुटतो.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बरोबर होतं ते सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच कोणी बोललं नाही.

"फार महत्त्वाचा मुद्दा," पिसाजीराव म्हणाले. "तुम्ही यावर अहवाल द्या."

केरोबाला लिहिण्याची सवय नव्हती. तीन दिवस तो पळसाचं पान समोर घेऊन बसला. शेवटी त्याने एकच वाक्य लिहिलं: उभी गाडी उभी राहणार नाही. अहवालाला प्रस्तावना नाही या कारणाने समितीने तो परत केला, पण केरोबाच्या भावनांची नोंद घेतली.

मग काम सुरू झालं. झिपरूने चाकं उतरवली, ड्रम ठोकून काढले, डिस्क चढवले, नव्या पट्ट्या बसवून त्यांवर लाल कॅलिपर कसले, तेलाच्या नळ्या जोडल्या आणि त्यांतली हवा काढली. हँडब्रेकच्या तारेची दोन टोकं मोकळी लोंबत राहिली. ती त्याने वर बांधून टाकली.

"आरं झिपरू," केरोबा म्हणाला, "आन् आतला दांडा?"

"दांडा ऱ्हाऊ दे म्हनलेत. वढला की कर्र वाजतो. समितीनं आवाज ऐकला, समाधान झालं त्यांचं."

"तुला पटतंय व्हय ह्ये?"

झिपरूने पाना खाली ठेवला. "न पटून सांगू कुनाला? बोललो तर उद्या म्हनतील, झिपरू, तूच तयार कर हँडब्रेक. मला चार पिल्लं हायत, केरोबा." आणि खवल्या मांजरं करतात तसं त्याने स्वतःला गुंडाळून घेतलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, आणि केरोबाने ती केली. ब्रेक अप्रतिम लागत होते. ओढ्यातून भिजून वर आलं आणि पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. शंभर पावलं नकोत की धाकधूक नको. पहिल्या दिवशी तर केरोबाने उगीचच सहा वेळा ओढा ओलांडला. घरी येऊन त्याने भागीरथीला सांगितलं की एवढं सुख आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. टेकडीवर गाडी उभी करताना तो मागच्या चाकाला एक मोठा दगड लावायचा आणि कोणाला काही बोलायचा नाही. दगडाने सगळं भागत होतं.

आणि भागलंही असतं, बाळांनो. पण सुधारणा झाली म्हणजे तिचं उद्घाटन होतं.

उद्घाटन टेकडीच्या माथ्यावर ठेवलं, कारण तिथून सगळ्यांना दिसतं. जीपला झेंडूच्या माळा घातल्या. मागच्या चाकांना माळा नव्हत्या. लाल रंग झाकला गेला असता. वाघमहाराज आपला भाचा रणजित बिबट्याला बरोबर घेऊन आले. रणजित उमदा तरुण होता. त्याला गाड्यांची फार आवड होती, म्हणजे गाड्यांशेजारी उभं राहायची.

पिसाजीरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाकाशी थबकले. "हे काय?"

"दगड," केरोबा म्हणाला.

"डिस्क ब्रेकच्या गाडीला दगड? महाराज काय म्हणतील?"

केरोबाने घाईघाईने गाडीत चढून ब्रेकवर पाय दाबून ठेवला, आणि दोन रानडुकरांनी दगड बाजूला लोटला. तोवर ठीक होतं. पण फीत कापून झाल्यावर महाराजांच्या मनात आलं की आपण चालकाच्या जागी बसून बघावं. राजाला नाही कोण म्हणणार? केरोबाने एवढंच विनवलं की महाराज, पाय ब्रेकवरच असू द्या. महाराजांनी हँडब्रेकचा दांडा ओढला. कर्र आवाज झाला. महाराज प्रसन्न झाले, आणि त्यांनी डोळे मिटून, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, कारण सिंहासनावर ते तसेच बसत.

गाडी हळूच मागे सरकली.

सगळ्यांनी पाहिलं. खाली उतार, उताराच्या तळाशी ओढा, आणि उतारावर पंगतीसाठी बसलेली बायकापोरं, त्यांत सशिणीची सातही पिल्लं होती. कोणी ओरडलं नाही. ओरडणं म्हणजे अडचण दाखवणं. एक माकड हाताने काही खुणावू लागलं, तर शेजारच्याने त्याचा हात खाली केला.

केरोबा धावला. जीपच्या मागे जाऊन त्याने पाठ लावली आणि चारही पायांची नखं जमिनीत रोवली. गाडीने त्याला आठ-दहा हात मागे फरफटत नेलं. नखं तुटली, पाठीची साल निघाली, तोंडाला फेस आला. मग गाडी थांबली. पहिली पंगत तिथून तीन हातांवर होती. केरोबा फार घाबरला होता, आणि त्याला रडू येत होतं, पण हात मोकळे नसल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

महाराजांना फक्त एक छोटासा झोका जाणवला होता. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वा. ब्रेक उत्तम आहेत."

टाळ्या झाल्या. बराच वेळ झाल्या.

त्याच जागी समितीची तातडीची सभा झाली, कारण केरोबाला तिथून हलता येत नव्हतं. पिसाजीराव म्हणाले की काहींनी हँडब्रेकविषयी शंका घेतल्या होत्या, पण प्रत्यक्ष प्रात्यक्षिकात गाडी थांबली हे महाराजांनी स्वतः अनुभवलं आहे. तेव्हा आज थांबली तशीच ती रोज थांबावी. हा मुद्दा मुळात केरोबांनीच मांडला होता, त्यामुळे रीतीप्रमाणे ते काम त्यांचंच. पुढची जागा आता रिकामी झाली आहे, ती रणजितने भरावी.

केरोबाच्या छातीत कळ आली. ती पाठीतल्या कळांपेक्षा वेगळी होती. अठरा पावसाळे ज्या काचेतून त्याने उतार पाहिला होता, ती काच आता दुसऱ्याची झाली.

तो गाडीमागून म्हणाला, "पिसाजीराव, दगड लावला तरी गाडी ऱ्हाती की वो. मी कशाला पायजे?"

पिसाजीरावांनी खाली वाकून, अगदी आपुलकीने त्याला समजावलं.

"केरोबा, दगडावर जबाबदारी टाकता येत नाही."

तेव्हापासून रणजित जीप चालवतो. केरोबा मागच्या बंपरवर मागे तोंड करून उभा असतो. गाडी थांबली की तो उडी मारतो आणि पाठ लावतो. निघाली की पुन्हा चढतो. रणजित पहिले काही दिवस झाडांना धडकला, पण ब्रेक चांगले असल्यामुळे हळू धडकला. आजारी जनावरं सुखरूप पोचतात. गाडी उताराला कशी खांबासारखी उभी राहते, याचं सगळे कौतुक करतात. शेजारच्या जंगलाचा कोल्हा मुद्दाम येऊन लाल कॅलिपर बघून गेला, आणि जाताना त्याने आपल्या जंगलात एखादं अस्वल मिळतं का, याची हळूच चौकशी केली.

परवा केरोबाला मागच्या डाव्या चाकाचा एक नट सैल झालेला दिसला. मागे उभं राहिल्यामुळे त्याला चाकं फार जवळून दिसतात. त्याने तोंड उघडलं. गाडीत सशिणीचं थोरलं पिल्लू होतं, तापाने फणफणलेलं. केरोबाने तोंड मिटलं, आणि पुढच्या थांब्यावर पाठ गाडीला लावल्या लावल्या, मोडक्या नखांनी तो नट आवळला. आता प्रत्येक थांब्यावर तो नट आवळतो. सभेत सांगितलं असतं तरी ते काम त्याच्याकडेच आलं असतं. निदान सभेचा वेळ वाचला.

तात्पर्य: ज्याला धोका सगळ्यांआधी दिसतो, त्याचं ऐकत बसू नये, त्याला चाकामागे उभं करावं. म्हणजे त्याला धोका जवळून दिसतो, आणि पुढे बसलेल्यांना तो कधीच दिसत नाही.