आकाशी रंगाची पाच मिनिटं

गेल्या वर्षभरात आईला सोसायटीच्या गेटबाहेर काढणं मला जमलेलं नाही. (तसं मला बरंच काही जमलेलं नाही; यादी माझ्या बायकोकडे, मानसीकडे आहे.) बाबा गेले तेव्हापासून आई गोरेगावच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसते आणि खाली झाकून ठेवलेल्या त्यांच्या जुन्या फियाटकडे बघते. मार्चमधल्या एका शनिवारी ती सहज म्हणाली, "आकाशी होती तेव्हा काय दिसायची. तशी असती ना, तर एकदा आरे कॉलनीत जाऊन आले असते."

झालं. मी ठरवलं, गाडी आकाशी करायची.

सध्या ती मरून होती. तो रंग माझ्या लग्नाच्या वेळी मी निवडला होता आणि बाबांनी चकार शब्द न काढता लावून घेतला होता. (आता आठवलं की वाईट वाटतं. तेव्हा मला तो रुबाबदार वाटला होता.) मरूनखाली पांढरा आणि पांढऱ्याखाली बाबांचा आकाशी. शेड नेमकी मिळवायची तर एकेक थर काढत आकाशीपर्यंत पोचायचं आणि तिथे थांबायचं, असा माझा बेत होता.

बाबांच्या मागे गाडी अधूनमधून सुरू करून ठेवणाऱ्या गॅरेजवाल्या लिओनार्ड अंकलनी रंग काढायच्या रिमूव्हरचा डबा हातात देताना बजावलं, "हा लावला की तिथून हलायचं नाय. रंग फुगला की लगेच खरवडायचा. पाच मिनटं जास्त ठेवलास तर वाट लागली समज."

रविवारी सकाळी मी ब्रश, मानसीचे रबरी हातमोजे आणि एक उलथणं घेऊन खाली उतरलो.

"अहो, डोशाचं उलथणं बघितलंत का?" मानसीने गॅलरीतून विचारलं.

"नाही गं," मी ते पाठीमागे लपवत म्हणालो.

बॉनेटवरचा मरून फुगला, सुटला. मग पांढरा निघाला. आणि पोळपाटाएवढा आकाशी तुकडा वर आला. मी तसाच उभा राहिलो. दर रविवारी बाबा बनियनवर ही गाडी पुसायचे आणि मी बादली धरायचो. "जयू, कोपरे राहिले," असं ते आता मागून म्हणाले असते तर मी जन्मभर कोपरे पुसले असते. बाबांची इतकी आठवण मला वर्षभरात आली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. (थोडं रिमूव्हरच्या वाफेचंही असेल.)

त्या भरात दुपारपर्यंत सगळी गाडी आकाशी दिसू लागली. पांढऱ्याचे चुकार डाग तेवढे राहिले होते, म्हणून मी सगळीकडे रिमूव्हरचा शेवटचा एक हात मारला. तेवढ्यात ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला आणि रेंजसाठी मी गेटपाशी गेलो.

"जयवंत, फक्त पाच मिनिटं."

साहेबांची पाच मिनिटं चाळीस मिनिटांनी संपली. परत येऊन बघतो तर आकाशी रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन खाली घसरत होता. मी उलथण्याने तो थोपवायला गेलो आणि उरलासुरला पण निघाला. खाली बॉनेट काळं. दरवाजे काळे. छप्पर पिवळं.

वॉचमन खंडू खुर्चीवरून उठून आला. "साहेब, ही तर टॅक्सी."

"बाबांनी शोरूममधून काढलेली आहे ही."

"मग शोरूमला टॅक्सीनं गेले असतील."

एवढ्यात आई दिसली. कोणाचा हात न धरता ती तीन मजले उतरून आली होती.

"आई, आकाशी गेला गं," मी म्हणालो. "माझ्याच हाताने गेला."

तिने काळ्या दरवाजावर हात फिरवला. "टॅक्सीवाल्याकडून घेतली होती यांनी. शोरूमची गोष्ट तुम्हा पोरांसाठी. लग्नानंतर महिनाभर अशीच चालवली. कोणीही हात दाखवायचं, आणि यांना नाही म्हणता यायचं नाही. आम्ही पहिल्यांदा आरेत निघालो, तर वाटेत एक बाळंतीण आणि तिचा नवरा. मी पुढे, मांडीवर त्यांचं बाळ. त्यांना घरी सोडेपर्यंत अंधार पडला. मग मीच हट्ट धरून आकाशी रंग द्यायला लावला. नंतर खूपदा गेलो. पण त्या दिवशीचं आरे राहिलंच."

तिने पुढचं दार उघडलं आणि आत बसली. "धू हिला आणि चल. अशीच ने."

हायवे ओलांडून आरेकडे वळणार, तोच केकचा खोका घेतलेल्या एका गृहस्थांनी हात दाखवला. सोबत बायको होती.

"स्टेशन?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बसा."

आईने न सांगता केकचा खोका मांडीवर घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, वर्षभरात पहिल्यांदा. "अगदी यांच्यावर गेलायस रे," ती म्हणाली. माझी छाती फुगली. हे ऐकायला बाबा हवे होते, असं फार वाटलं. त्या नादात मी गाडी हाणत राहिलो.

बऱ्याच वेळाने गृहस्थ मागून हळूच म्हणाले, "भाऊ, स्टेशन कधीच मागे गेलं. हे मालाड आहे."

आई खोका सावरत त्यांच्याकडे वळली. "सांभाळून घ्या हो. आमचे हे असेपर्यंत याला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता."