गयामावशींची सुतळी

वडवणीच्या बाजाराला निघताना गयामावशी एक वेळ पिशवी विसरतील, पण कमरेला खोचलेली सुतळी विसरणार नाहीत. सुतळीला सात गाठी. लोकरीची, आरशांची तोरणं विकणाऱ्या बाईसमोर बसून त्या एकेक तोरण या गाठींवर मोजून बघतात.

मी त्यांचा शेजारी, गावच्या शाळेत मास्तर. बाजारात माझं काम एकच.

"गुर्जी, तुमी चौकट व्हा."

मग मी भर बाजारात दोन्ही हात वर करून तोरण धरायचं आणि मावशींनी त्याखालून आत-बाहेर करायचं. माझ्या वर्गातली पोरं समोर उभी राहून हे बघतात. सोमवारी वर्गात दरारा कसा टिकवायचा, ते माझं मला माहीत.

त्यानंतर भाव. मावशी तीनदा रागानं उठून जातात, तीनदा परत येतात. शेवटी तोरणवालीच त्यांना चहा पाजते.

"भांडून आणली की वस्तू घरची होती, गुर्जी. मागंल तेवढं दिऊन आणली, तर पाव्हणी ऱ्हाती."

मी एकदा मातीचा पोपट घासाघीस न करता आणला. तेव्हापासून मावशी घरी आल्या की आधी त्यालाच विचारतात, "पाव्हणं, बरं हाय का?"

एवढं सगळं करून मावशींचं स्वतःचं दार मात्र बोडकं! ही तोरणं पेटीत कुजवतात की काय, असं मला वाटायचं.

आमची निम्मी गल्ली दिवाळीनंतर ऊस तोडायला जाते. दारांना कुलपं लागतात. एका फाल्गुनात सकाळीच बघतो तर मावशी स्टुलावर चढून एका बंद दारावरची कोळ्यांची जाळी झाडत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी तिथं नवं तोरण बांधलं. मग पुढचं दार.

"हे कशाला, मावशी?"

"आमचे मालक तिकडं उसाच्या फडातच वारले. मी एकलीच परत आले, तवा दाराला नुसतं जाळं व्हतं. ते हातानं काढलं अन् आत गेले." त्यांनी स्टूल उचललं. "असं दार कुणाला दिसू नये."

पोपटावरून मनात धरलेला राग त्या दिवशी गेला. स्वतःची लाज वाटली.

यंदा मावशींचा गुडघा सुजला. माणसं परतायला आठवडाच होता. त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "सात दारं हायती, दाराला एक गाठ. भाव करा, न्हाईतर तोंड दाखवू नका."

मी भांडलो. तीनदा उठून गेलो, चहाही प्यालो. सातवं तोरण मोजल्यावर ध्यानात आलं, सुतळीला मावशींच्या दाराची गाठच नाही. आठवं तोरण मी अंदाजानं घेतलं. त्याचा भाव करायला जीभ उचलेना.

सात दारं झाल्यावर ते मावशींच्या दाराला बांधलं. एका बाजूनं चार बोटं जास्तच लोंबत होतं. मावशी भिंत धरत बाहेर आल्या.

"हे कुणाचं?"

"तुमचं."

"भाव केला का?"

"नाही. मागितले तेवढे दिले."

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. मावशींनी चौकट धरून वर तोरणाकडं बघितलं.

"मंजी पाव्हणंच आलं की," त्या म्हणाल्या. "असू द्या, गुर्जी. लई वर्सांनी कुणी आलं माझ्या दारी."